मुलाचें लक्ष कोठें जातें?

पहिली-दुसरीच्या वर्गांत दिवसभरांत ज्या आज्ञा दिल्या जातात त्यांत ‘लक्ष द्या’ ही आज्ञा वारंवार कानीं पडते. परंतु तिचा अर्थ मात्र क्वचितच कोणी समजावून देतो. ‘पाटी काढा’ म्हटलें म्हणजे दप्तरांतून कोणती वस्तु बाहेर काढावयाची हें मुलास कळतें. ‘उभे राहा’ म्हटलें म्हणजे काय करावयाचें हेंहि कळतें. पण ‘लक्ष द्या’ म्हटल्यावर नेमकें काय करावयाचें? सहा वर्षांचें मूल या प्रश्नाचें उत्तर आपल्या परीनें शोधून काढतें. हाताची घडी घालावी, तोंडावर बोट ठेवावें, डोळे फळ्याकडे लावावे, म्हणजे गुरुजी संतुष्ट होतात, एवढें त्याच्या अनुभवास आलेलें असतें. तें तसें करतें आणि वर्ग शांत होतो. त्याच शांत वर्गांत, हाताची घडी न मोडतां, तें मूल मनानें घरच्या अंगणांत काल जन्मलेल्या करडापाशीं जाऊन बसलेलें असतें.

लक्ष देण्याची बैठक आणि प्रत्यक्ष लक्ष या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली हुकमानें मिळते, दुसरी हुकमानें मिळत नाहीं. हा भेद जेथें ओळखला जात नाहीं तेथें ‘याचें लक्षच नसतें’ हा शेरा प्रगतिपुस्तकावर येतो, पुढल्या सहामाहीस पुन्हां येतो, आणि दोनतीन वर्षांत मूलहि तो शेरा स्वतःविषयीं खरा मानूं लागतें. लक्ष लावण्याची शक्ति ज्या वयांत घडावयाची, त्याच वयांत ती आपल्या ठिकाणीं मुळांतच नाहीं अशी समजूत मनांत रुजली, तर मूल प्रयत्नच सोडून देतें. म्हणून लहान मुलाच्या अवधानाचा प्रश्न हा केवळ वर्गाच्या शिस्तीचा प्रश्न नव्हे. त्यावर त्या मुलाचें पुढील सर्व शिक्षण अवलंबून असतें.

एकाग्रतेचा विषय निघाला म्हणजे मराठी घरांत अर्जुनाची गोष्ट हटकून सांगितली जाते. द्रोणाचार्यांनीं झाडावर पक्षी ठेवून ‘काय दिसतें?’ असें शिष्यांस विचारलें, तेव्हां इतरांना झाड, फांद्या, आचार्य, बंधु असें सर्व कांहीं दिसलें. अर्जुनाला मात्र, प्रचलित कथेप्रमाणें, पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला. गोष्ट चांगली आहे. परंतु ती सांगणारे तिच्यांतील तीन गोष्टींकडे स्वतःच लक्ष देत नाहींत. अर्जुनाला धनुर्विद्येची मनापासून गोडी होती. त्याच्यापुढचें लक्ष्य एकच होतें व तें डोळ्यांना दिसत होतें. आणि ती परीक्षा कांहीं क्षणांची होती. ज्या मुलाला गोडी लागलेली नाहीं, ज्याच्यापुढें एका वेळीं दहा गोष्टी आहेत आणि ज्याला चाळीस मिनिटें बसवून ठेविलें आहे, त्याला अर्जुनाचा दाखला देणें न्यायाचें नाहीं. शिवाय हाच अर्जुन पुढें प्रौढ वयांत, गीतेच्या सहाव्या अध्यायांत, मन चंचल आहे, तें आवरणें वाऱ्याला आवरण्याइतकें कठीण आहे, अशी तक्रार श्रीकृष्णापाशीं करतो. त्यावर अभ्यासानें व वैराग्यानें तें वश होतें असें उत्तर त्याला मिळतें. त्याच अध्यायांत त्या अभ्यासाची रीतहि दिलेली आहे. मनानें मुळींच हलूं नये अशी अपेक्षा तेथें नाहीं; तें जेथें जेथें धांवेल तेथून तेथून त्याला परत आणावें, असें सांगितलें आहे.

मानसशास्त्राचा निर्णय याहून फारसा निराळा नाहीं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें कीं, निव्वळ इच्छेच्या बळावर ठेविलेलें लक्ष एका वेळीं कांहीं सेकंदांपलीकडे टिकत नाहीं. ज्याला दीर्घ अवधान म्हणतात तें वास्तविक एकामागून एक केलेल्या लहान लहान प्रयत्नांची मालिका असते. लक्ष सुटतें, माणूस तें परत आणतो. पुन्हां सुटतें, पुन्हां आणतो. निसटलेलें लक्ष वारंवार परत आणण्याची शक्ति ही विवेक, शील व इच्छाशक्ति यांचें मूळच होय, असें जेम्स यांचें मत होतें. प्रौढ मनुष्य व लहान मूल यांत भेद आहे तो एवढाच कीं, प्रौढाला लक्ष सुटल्याचें लवकर कळतें व तें परत आणण्याची त्याला संवय झालेली असते. मुलाला लक्ष सुटलें हेंच पुष्कळदां कळत नाहीं. मन आवरण्याचें काम मेंदूचा जो कपाळामागील भाग करतो, त्याची वाढ विशीनंतरहि चालू असते. सहा वर्षांच्या मुलांत ती पुष्कळच अपुरी असावयाची. तेव्हां मुलास शिकवावयाचें तें लक्ष न सुटूं देणें नव्हे, तर सुटलेलें लक्ष परत आणणें. पालक व शिक्षक यांचें काम तीन प्रकारचें आहे: लक्षाला खेंचून नेणाऱ्या अडचणी दूर करणें, लक्षाला धरून ठेवील असें काम मुलापुढें ठेवणें, आणि परत येण्याचा सराव त्याला देणें.

अडचणींची चौकशी करतांना प्रथम मुलाच्या मनाची नव्हे, तर शरीराची चौकशी करावी. लहान मुलांना सर्दी-पडशानंतर पुष्कळदां कानाच्या पडद्यामागें द्रव सांचून राहतो. कान ठणकत नाहीं, वाहत नाहीं. ऐकूं तेवढें मंद येतें, आणि तेंहि कांहीं दिवस मंद व कांहीं दिवस ठीक. असें मूल घरीं जवळ बसलेल्या आईचें बोलणें ऐकतें, पण पंख्याच्या घरघरीत दूर उभ्या असलेल्या बाईंचें वाक्य त्याला अर्धेंच पोंचतें. मग ‘याला सोयीचें तेवढेंच ऐकूं येतें’ असा त्याचा लौकिक होतो. डोळ्यांचेंहि तसेंच आहे. ज्याला फळा नेहमीं अंधुकच दिसला, तें मूल तशी तक्रार करीत नाहीं. कारण फळा सर्वांना असाच दिसतो अशी त्याची समजूत असते. तें शेजारच्या मुलाच्या वहींत डोकावतें आणि त्याबद्दल बोलणीं खातें. कान व डोळे तपासून घेण्यास फार वेळ लागत नाहीं. तें न करतां मुलास वर्षभर दोष देणें हा अन्याय आहे.

आणखी एक प्रकार विरळा असला तरी ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कांहीं मुलें बोलतां बोलतां वा लिहितां लिहितां एकाएकीं थांबतात, दहा-पंधरा सेकंद शून्यांत पाहतात, हांक मारली किंवा खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाहींत, आणि मग कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें पुढें लिहूं लागतात. असें दिवसांतून अनेक वेळां होऊं शकतें. ही दिवास्वप्नें नव्हेत. हा अपस्माराचा एक सौम्य दिसणारा प्रकार असूं शकतो, आणि त्यावर औषध आहे. दिवास्वप्नांत असलेलें मूल स्पर्श होतांच जागें होतें. हें होत नाहीं. एवढी खूण लक्षांत ठेवून अशा मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.

झोंपेची गोष्ट याहून सर्वसाधारण आहे. निद्राविषयक तज्ज्ञांच्या मतें तीन ते पांच वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून १० ते १३ तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोंप लागते. सकाळीं सहाला उठावयाचें असेल तर त्या मुलास रात्रीं नवाच्या आंत झोंप लागलेली असली पाहिजे. पुष्कळ घरांत त्या वेळीं जेवणेंहि उरकलेलीं नसतात. अपुऱ्या झोंपेनें मोठा माणूस पेंगतो. लहान मूल पेंगण्याऐवजीं अधिक चुळबूळ करतें, चिडतें, बांकावरून उठबैस करतें, आणि त्याचें मूळ झोंपेंत आहे हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊ वाजतां किंवा त्यानंतर भरवावे असा आदेश महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं काढला, तो मुलांच्या या अपुऱ्या झोंपेचा विचार करूनच. परंतु शाळा उशिरां भरली म्हणून रात्रीचें जागरण वाढलें तर त्या आदेशाचा उपयोग काय?

भूक, तहान आणि लघवी यांचाहि विचार यांतच करावयास हवा. न्याहारी न करतां आलेल्या मुलाचें लक्ष मधल्या सुटीच्या घंटेकडे लागलेलें असतें. शाळेंतील शौचकूप अस्वच्छ असलें म्हणजे कित्येक मुली सकाळपासून पाणी पीत नाहींत. दुपारीं त्यांचें डोकें जड होतें. ‘बाई, जाऊं का?’ असें विचारण्याचा धीर नसलेलें मूल अर्धा तास एकाच विचारांत असतें, आणि तो विचार बेरजेचा नसतो.

शरीरानंतर सभोंवार पाहावें. लहान मुलांची वर्गखोली चित्रांनीं, तक्त्यांनीं, पताकांनीं भरून टाकावी अशी पद्धत सर्वत्र आहे, आणि तिच्या मुळाशीं प्रेमच असतें. परंतु अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत ॲना फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या पद्धतीची परीक्षा घेऊन २०१४ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनीं बालवर्गांतील २४ मुलांना विज्ञानाचे सहा लहान पाठ दिले; कांहीं पाठ चित्रांनीं गजबजलेल्या खोलींत, कांहीं मोकळ्या भिंतींच्या खोलींत. गजबजलेल्या खोलींत मुलांचा ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर गेला. मोकळ्या खोलींत २८.४ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांचीं उत्तरेंहि मोकळ्या खोलींतच अधिक बरोबर आलीं. प्रयोग लहान आहे, आणि त्यावरून भिंती ओसाड ठेवाव्या असें कोणी म्हणणार नाहीं. मोकळ्या खोलींतहि चौथ्या हिश्श्याहून अधिक वेळ इकडेतिकडे गेलाच, हेंहि विसरूं नये. लक्ष सुटणें हें या वयाचें लक्षणच आहे. तात्पर्य इतकेंच कीं, ज्या भिंतीकडे तोंड करून मुलें ऐकतात त्या भिंतीवर त्या दिवसाच्या पाठाचें तेवढेंच चित्र असावें. बाकीचीं पाठीमागच्या भिंतीवर शोभतील. ज्याचें लक्ष विशेष चळतें त्याला दाराखिडकीपासून दूर, शिक्षकांच्या हाताच्या अंतरावर बसवावें; मात्र ती जागा शिक्षेची जागा आहे असें त्याला वा इतरांना वाटूं देऊं नये. घरींहि हाच नियम. दूरचित्रवाणी चालू, कोणाच्या तरी हातांतील मोबाइलवर गाणें चालू, आणि त्याच खोलींत मूल शुद्धलेखन लिहीत आहे, अशा स्थितींत त्याच्यावर रागावण्यापूर्वीं बटण बंद करावें.

यापुढचा प्रश्न कामाचा. बाई म्हणतात, ‘वही काढा, काल जें पान लिहिलें त्याच्या पुढच्या पानावर तारीख घाला, समास आंखा, आणि पुस्तकांतील बारावें पान उघडून पहिल्या चार ओळी लिहा.’ यांत सहा आज्ञा आहेत. मोठ्या माणसाला त्या एक वाटतात. कारण त्यांतील निम्म्या तो संवयीनेंच करतो. लहान मुलाच्या मनांत एका वेळीं दोन, फार तर तीन गोष्टी ठरतात. समास आंखतां आंखतां बारावें पान मनांतून गळून जातें, आणि मूल शेजाऱ्याला विचारतें किंवा पेन्सिलीचें टोंक पाहत बसतें. येथें लक्ष सुटलेलें नसून सूचना सांडलेली आहे. दोन सूचना द्याव्या, त्या पुऱ्या होऊं द्याव्या, मग पुढच्या दोन. मुलानें सूचना आपल्या शब्दांत परत सांगितली तर आणखी चांगलें. जें मूल काम करतांना ‘आतां तारीख… आतां रेघ…’ असें पुटपुटतें त्याला गप्प करूं नये. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनीं १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें हें पुटपुटणें म्हणजे मूल स्वतःच स्वतःला चालवीत असतें. पुढें तेंच बोलणें आंत जाऊन विचाराचें रूप घेतें.

काम मुलाच्या हाताला व वयाला जुळणारें असलें म्हणजे अवधानाचा चमत्कार आपोआप घडतो, हें मारिया माँटेसरी यांच्या अनुभवावरून जगाला कळलें. रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं बालगृह उघडलें. त्यांच्या पाहण्यांत सुमारें तीन वर्षांची एक मुलगी आली. लांकडी ठोकळ्याच्या खांचांत निरनिराळ्या जाडीच्या दट्ट्या बसवावयाच्या व पुन्हां काढावयाच्या, एवढेंच काम ती करीत होती. माँटेसरींनीं इतर मुलांना तिच्याभोंवतीं गाणें म्हणावयास लाविलें. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेविलें. तरी ती तेंच करीत राहिली. चाळिसांहून अधिक वेळां तें काम केल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि थकलेली न दिसतां ताजीतवानी दिसली. तीन वर्षांच्या मुलाचें लक्ष क्षणभरहि टिकत नाहीं अशी त्या काळची समजूत होती. मुलांना अवधानाची शक्ति नसते असें नसून, त्या शक्तीला शोभेल असें काम त्यांना मिळत नाहीं, हें या प्रसंगानें दिसून आलें.

हें तत्त्व महाराष्ट्राच्या मातींत रुजविण्याचें श्रेय ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना आहे. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें कार्य केल्यावर ताराबाईंनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. पुढें तो जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेला. परदेशी पद्धतीचीं महागडीं साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शंख, शिंपले, खडे, बिया, पानें यांनींच मुलें मोजूं, जुळवूं व लावूं लागलीं. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. गुरें राखणारीं वारली मुलें शाळेंत येऊं शकत नव्हतीं. त्यांच्यासाठीं गुरें चरत असत त्या कुरणांत शाळा भरूं लागली. ‘या मुलांचें शिक्षणाकडे लक्ष नाहीं’ असें म्हणून हात झटकणें सोपें होतें. त्यांनीं उलट प्रश्न केला कीं, या मुलांचें लक्ष आज कोठें आहे? जेथें तें होतें तेथें त्या गेल्या आणि तेथून अक्षरापर्यंत वाट काढली.

भाषेचा प्रश्नहि येथेंच येतो. जी भाषा कळत नाहीं तिच्याकडे दहा मिनिटें लक्ष देऊन पाहावें, म्हणजे मुलाची स्थिति कळेल. घरीं वारली, भिल्ली किंवा गोंडी बोलणारें मूल पुस्तकी मराठीच्या वर्गांत बसतें. घरीं मराठी बोलणारें मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत बसतें. दोघांचेंहि लक्ष सुटतें, कारण धरून ठेवण्यासारखा शब्दच हातीं लागत नाहीं. अशा वेळीं मुलाच्या घरच्या भाषेंतील दोन वाक्यें जें काम करतात तें दहा दटावण्या करीत नाहींत.

परत येण्याचा सराव देण्याचें उत्तम साधन म्हणजे खेळ. आणि मराठी घरांत तें पूर्वींपासून आहे. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, पोपट भुर्र’ असें म्हणत हात वर करावयाचे, आणि मध्येंच ‘म्हैस भुर्र’ आलें म्हणजे हात खालींच ठेवावयाचे. हंसण्याचा हा खेळ वस्तुतः मन आवरण्याचा व्यायाम आहे. कारण वर जाऊं पाहणारा हात ऐनवेळीं थांबवावा लागतो. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळांत आज्ञेपूर्वींचे दोन शब्द ऐकल्याशिवाय हलावयाचें नसतें. ताटांत दहा वस्तु मांडून त्या झांकावयाच्या व आठवून सांगावयाच्या, हा खेळ तर स्वयंपाकघरांतच होतो. रशियांत झेड. व्ही. मनुइलेंको यांनीं १९४८ सालीं लहान मुलांवर एक प्रयोग केला. नुसतें ‘स्थिर उभें राहा’ म्हटल्यावर मूल किती वेळ उभें राहतें आणि तेंच मूल खेळांत पहारेकरी झालें म्हणजे किती वेळ उभें राहतें, हें त्यांनीं मोजलें. चार-पांच वर्षांचीं मुलें पहारेकरी झाल्यावर कितीतरी अधिक वेळ स्थिर राहिलीं. हुकमानें न साधणारी गोष्ट भूमिकेनें साधली. पाठ वाचतांना एका मुलास ‘विरामचिन्हांचा पहारेकरी’ नेमणाऱ्या शिक्षकास याचा अनुभव उद्यांच घेतां येईल. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनीं मुलांना उभें करून हातपाय हालवूं द्यावे. त्यांत गेलेलीं दोन मिनिटें पुढच्या पाठांत परत मिळतात.

आतां लक्ष सुटलेल्या मुलास परत कसें आणावें? पुष्कळदां असें घडतें कीं, शिक्षक प्रश्न विचारतात आणि शेवटीं त्याचें नांव घेतात. नांव ऐकून मूल दचकून जागें होतें; परंतु प्रश्न तर निघून गेलेला असतो. वर्ग हंसतो. या हंसण्यानें त्याला अवधान येत नाहीं, भय येतें. आणि भ्यालेल्या मुलाचें सर्व लक्ष पाठावर नसून शिक्षकांच्या चर्येवर असतें. अशा मुलाचें नांव आधीं घ्यावें, त्याची नजर वर येऊं द्यावी, मग प्रश्न विचारावा. फिरतां फिरतां त्याच्या बांकाशीं थांबणें, पुस्तकांतील ओळीवर हळूच बोट ठेवणें, एवढ्यानें पुष्कळदां काम होतें. तें आपण होऊन परत आलें तर तें दिसल्याचें त्याला कळवावें: ‘खिडकींतून पाहत होतास, पण स्वतःच परत वाचूं लागलास, छान केलेंस.’ हुशार म्हटल्यानें त्याला काय करावें तें कळत नाहीं. या वाक्यानें कळतें. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ हे दोन्ही २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें निषिद्ध केलेले आहेत. परंतु कायदा नसता तरी छडीनें अवधान उत्पन्न होत नाहीं हें खरेंच राहिलें असतें.

इतकें सर्व करूनहि कांहीं मुलांची अडचण शिल्लक राहते. त्यांचें लक्ष समवयस्क मुलांच्या मानानें फारच थोडा वेळ टिकतें, तीं क्षणभर स्वस्थ बसूं शकत नाहींत, पाळी येण्यापूर्वींच उत्तर देऊन मोकळीं होतात, वस्तु रोज हरवतात. हीं लक्षणें सहा महिन्यांहून अधिक काळ, बाराव्या वर्षापूर्वींपासून, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसत असतील व त्यांनीं मुलाचें जीवन अडत असेल, तर तज्ज्ञ डॉक्टर ज्या अवस्थेस अवधानाची न्यूनता व अतिचंचलता म्हणतात तिचा विचार करावा लागतो. शाळेंतच दिसणारी व घरीं न दिसणारी चंचलता बहुधा निराळ्या कारणाची असते. तें कारण न जुळणाऱ्या अक्षरांत असेल, कळत नसलेल्या गणितांत असेल, किंवा कोणाच्या तरी धाकांत असेल. मुलींच्या बाबतींत विशेष सावध असावें. ज्या मुलीचें लक्ष सुटतें पण जी दंगा करीत नाहीं, ती ‘शांत व गुणी’ म्हणून वर्षानुवर्षें मागें पडत राहते. ही अवस्था आईबापांच्या लाडांनीं येत नाहीं व मारानें जात नाहीं. अगदीं लहान वयांत पालकांनाच मुलाशीं वागण्याची रीत शिकविणें हा पहिला उपाय समजला जातो. पुढें आवश्यक तर औषधेंहि दिलीं जातात आणि योग्य देखरेखीखालीं त्यांचा उपयोग होतो. शेजाऱ्याच्या सल्ल्यानें निदान करूं नये, आणि लोक काय म्हणतील या भयानें निदान टाळूंहि नये.

बहुसंख्य मुलांना मात्र डॉक्टर नको असतो. त्यांना हवें असतें तें कोणी तरी नीट पाहणारें. पालकसभेंत आईबाप विचारतात, ‘हा लक्ष देतो ना?’ आणि शिक्षक म्हणतात, ‘नाहीं, फार खेळकर आहे.’ दोघेहि आपापल्या वाटेनें जातात, आणि मुलाच्या दृष्टीनें कांहींच बदलत नाहीं. त्याऐवजीं एक आठवडाभर दोघांनीं चार गोष्टी टिपून ठेवाव्या: कोणत्या कामांत याचें लक्ष लागतें, कोणत्या वेळीं सुटतें, सुटल्यावर कोठें जातें, आणि कशानें परत येतें. शिक्षकांच्या वहींत ‘सकाळीं कथा ऐकतांना वीस मिनिटें, दुपारीं लेखनांत तीन मिनिटें’ असें निघेल. आईच्या वहींत ‘मुंग्यांची रांग अर्धा तास पाहिली’ असें निघेल. या दोन वह्या समोरासमोर ठेवल्या म्हणजे ‘लक्ष नसलेलें मूल’ दिसेनासें होतें, आणि दुपारीं थकणारें, लिहितांना बोटें दुखणारें, पण मुंग्यांकडे अर्धा तास पाहूं शकणारें एक मूल दिसूं लागतें. त्याला उद्यां काय द्यावयाचें हें मग ठरवितां येतें: लेखन सकाळीं, एका वेळीं तीनच ओळी, आणि पहिली ओळ मुंग्यांची.